टायर काळा नसतो!

टायरचा रंग कोणता, असं पालघर जिल्ह्यात कुणालाही विचारून बघा. उत्तर देण्याआधी तो तुमच्या तोंडाला वास येतोय का ते बघेल. टायर काळा असतो हे बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं. ही माहिती साफ चूक आहे असं छातीठोकपणे सांगणारा माणूस आमच्या बोईसरमध्ये एकच आहे, आणि तो नेमका माझा शेजारी आहे. पत्रिकेत असतात काही योग.

शेजारी तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहेत. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या मालात दिवसभर खोट काढायची आणि महिन्याअखेर त्याचा पगार घ्यायचा. असा माणूस घरी आल्यावर स्वस्थ कसा बसणार? घरातल्या कारभारात खोट काढायची तर वहिनींशी गाठ आहे. तेव्हा त्यांनी एक छंद धरला. आपल्या एसटीची लाल बस, हुबेहूब, फक्त चोवीस पटींनी लहान.

एसटीवेड्यांची महाराष्ट्रात वाण नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी निघाली, तिचं दार नेमकं कुठल्या बाजूला होतं यावर तावातावानं भांडणारी माणसं मी पाहिली आहेत. पण हौशी कारागिराची पंचाईत अशी, की बाजारात जर्मन रणगाडा, जपानी रेसची गाडी, इंग्रजांचं लढाऊ विमान हे सगळं सुट्या भागांच्या खोक्यात मिळतं. चिकटवा, रंगवा, कपाटात ठेवा. एसटी कुणी खोक्यात घालून विकत नाही. त्यामुळे शेजाऱ्यांनी सनबोर्ड आणि प्लॅस्टिकच्या पत्र्यातून बॉडी स्वतः कापली. खिडक्यांचे गज बसवले. सीटच्या पाठीवर बदामात बाण आणि दोन आद्याक्षरंसुद्धा कोरली. अडलं ते चाकांपाशी. टायर घरी करता येईना. शेवटी डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेत त्यांना एक खेळण्यातला ट्रक सापडला. मोठ्या बसच्या टायरचा व्यास साधारण एक मीटर. त्याला चोवीसनं भागलं की चार सेंटिमीटरच्या थोडं वर. ट्रकची चाकं बरोबर त्या मापाची! देवीच पावली म्हणायची. शेजाऱ्यांनी ट्रक घेतला, घरी आणला आणि चाकं काढून घेऊन उरलेला ट्रक वहिनींच्या भाच्याला प्रेमानं भेट दिला. ते पोर अजून त्यांच्याशी बोलत नाही.

पण टायर कसे होते? काळेकुट्ट आणि चकचकीत. त्यात शेजाऱ्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा नाराज होता. “हा टायर नाही,” ते म्हणाले, “हा टायरचा बनाव आहे.”

खरी गंमत पुढेच आहे. ज्या दिवशी शेजारी प्लॅस्टिकच्या टायरची चमक घालवायला बसले, त्याच दिवशी खाली पार्किंगमध्ये समोरच्या विंगमधले गृहस्थ आपल्या नव्या गाडीच्या टायरांना स्पंजनं पॉलिश चोळत होते. खऱ्या रबराचे चांगले टायर, आणि त्यांना चमक अशी आणायची, की बघणाऱ्याला वाटावं हे प्लॅस्टिकचे. वर गॅलरीत प्लॅस्टिकचे टायर, आणि ते असे मळवायचे, की बघणाऱ्याला वाटावं हे रबराचे. एका जिन्याच्या अंतरावर दोन माणसं घाम गाळत होती आणि दोघांनाही दुसऱ्याच्या घरचं नकोसं झालेलं बाटलीतून आयतं चाललं असतं.

शेजाऱ्यांकडे सिद्धांत तयार असतो. समोरच्यानं चहा मागितला तर तो चहाबरोबर येतो. रबराचा मूळ रंग दुधाळ-पिवळट. मिशेलिन कंपनीचा तो टायरच्या वळ्यांचा गलेलठ्ठ माणूस १८९८ सालचा. तो पांढरा आहे, कारण त्या काळातले टायर फिकटच असायचे. पुढे रबरात कार्बन ब्लॅक मिसळायला लागले आणि टायर काळे झाले. हे कार्बन ब्लॅक म्हणजे तेल अर्धवट जाळून धरलेली काजळी. आपल्या आज्या दिव्यावर तांब्याची वाटी उपडी धरून काजळ करायच्या, तेच काम, फक्त कारखान्याच्या मापात. त्यानं रबर चिवट होतं, लवकर झिजत नाही आणि उन्हानं सडत नाही. काजळानं बाळाला दृष्ट लागत नाही आणि टायरला ऊन लागत नाही, असं शेजारी सांगतात आणि स्वतःच दाद देतात.

“म्हणजे टायर काळाच झाला की!” मी म्हटलं.

“जन्मतः. नंतर कुठे राहतो?” हवेतला ओझोन रबराला बारीक तडे पाडतो. ते पडू नयेत म्हणून टायरात एक रसायन घालतात. ते आतून सावकाश पृष्ठभागावर येत राहतं, ओझोनशी झुंजतं आणि झुंजून झुंजून तपकिरी पडतं. त्यामुळे बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या टायरची बगल काळी नसते, तपकिरीकडे झुकलेली असते. जमिनीला टेकणारा भाग रस्त्यावर घासून राखाडी होतो. त्यावर धूळ, त्यावर ब्रेकची पूड, त्यावर चिखल. शिवाय वस्तू लहान केली की रंगही फिका करावा लागतो. चार सेंटिमीटरच्या चाकाला अस्सल काळा रंग दिला, तर नक्षीच्या खाचा आणि त्यांच्यातल्या सावल्या सगळ्या बुडून जातात. चाकाच्या जागी नुसतं भोक पडल्यासारखं दिसतं.

जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीनं या दुखण्यावर ‘रबर ब्लॅक’ नावाचा खास रंग काढला आहे. बाटली दहा मिलिलिटरची. आता तारापूर एमआयडीसी म्हणजे डाय आणि इंटरमिजिएटचं माहेरघर. इथून जगाला रंग पिंपांनी जातात. कामगाराच्या शर्टाच्या कॉलरवरून तो कुठल्या प्लांटला आहे ते पानवाला ओळखतो. अशा गावात एक माणूस जपानहून येणाऱ्या दहा मिलिलिटर काळ्या रंगासाठी आठवडेच्या आठवडे कुरिअरवाल्याची वाट बघत होता. आणि बाटली आल्यावर म्हणाला काय, तर “ठीक आहे, पण हा जपानी रस्त्यावरचा टायर झाला. यात बोईसर कुठे आहे?”

मग बोईसर शोधायला आम्ही बाहेर पडलो. ‘आम्ही’ अशासाठी, की स्कूटर माझी होती.

टायरकडे बघायची नजर एकदा आली, की पालघर जिल्ह्याचा नकाशा टायरवर वाचता येतो, हे मला कबूल करावं लागेल. नागझरीच्या खदानींकडून खडी घेऊन येणाऱ्या डंपरचे टायर पांढुरके असतात. क्रशरची पूड नक्षीच्या खाचाखाचांत बसलेली. वीटभट्टीवरच्या ट्रॅक्टरचा टायर विटकरी. खड्डे मुरूम टाकून बुजवलेल्या रस्त्यावरून पावसाळ्यात आलेल्या जीपचा टायर बगलेपर्यंत तांबूस, आणि त्यावर डबक्याच्या पाण्याची रेघ. सातपाटीहून मासळी घेऊन निघालेल्या टेम्पोखाली बर्फाचं पाणी सतत गळतं, म्हणून त्याचा मागचा टायर भर उन्हातही ओला. काळा म्हणावा असा तेवढा एकच, आणि त्याच्याजवळ जास्त वेळ थांबवत नाही. एमआयडीसीतल्या टँकरच्या टायरवर कधीकधी असा एखादा रंग दिसतो, की त्याचं नाव कुठल्याच बाटलीवर सापडणार नाही. त्याची चौकशी न करणं तब्येतीला बरं.

या अभ्यासात धोका असा, की टायरचा अभ्यास उकिडवं बसून करावा लागतो. बोईसर-चिल्हार रस्त्यावर एका उभ्या डंपरच्या मागच्या चाकाशी शेजारी बसले आणि मोबाइलवर फोटो काढू लागले. ड्रायव्हर शेतातून टमरेल टाकून धावत आला. हात जोडून म्हणाला, “साहेब, दोनच हप्ते थकलेत. शेठ या महिन्यात भरणार आहे. गाडी नका उचलू.” शेजाऱ्यांनी त्याला समजावलं, की आपण फायनान्सवाले नाही, आपल्याला फक्त टायरचा रंग बघायचाय. हे ऐकून तो जास्तच घाबरला. हप्ता मागणारा माणूस त्याच्या ओळखीचा होता. हा प्रकार नवीन होता. चिल्हार फाट्यावरचा पंक्चरवाला मात्र अनुभवी निघाला. “कौन सा टायर चाहिए?” त्यानं विचारलं. “लेना नहीं है, सिर्फ देखना है,” शेजारी म्हणाले. त्यानं आम्हा दोघांना नखशिखान्त न्याहाळलं आणि हातातला जॅक उचलून आत नेऊन ठेवला.

नमुन्यादाखल ठिकठिकाणची धूळही गोळा झाली. तिथे आडवं आलं ते गणित. रस्त्यावरच्या वाळूचा पाव मिलिमीटरचा कण आपल्या खिजगणतीतही नसतो. पण चोवीस पटींनी लहान केलेल्या एसटीच्या शेजारी तो सहा मिलिमीटरची खडी होऊन बसतो. म्हणजे खऱ्या एसटीवर खरी धूळ चालते, खोट्या एसटीवर खरी धूळ खोटी दिसते! तेव्हा धूळ वस्त्रगाळ करणं आलं. वहिनींच्या जुन्या मलमलीच्या ओढणीतून ती गाळली गेली आणि मसाल्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरली गेली. बाटल्यांवर चिठ्ठ्या: ‘नागझरी’, ‘चिल्हार’, ‘वीटभट्टी’. वरणाला फोडणी देताना वहिनींच्या हातात ‘वीटभट्टी’ आली, त्या दिवशी बाटल्यांची बदली गॅलरीत झाली.

प्रत्यक्ष रंगकाम म्हणाल तर असं. आधी टायर साबणाच्या पाण्यानं धुवायचा, म्हणजे साच्याचा तेलकटपणा जातो. मग टेकणारा भाग झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं घासायचा, चमक मरेपर्यंत. मग गडद राखाडीत थेंबभर तपकिरी कालवून अगदी पातळ हात द्यायचा. बगलेला किंचित तकाकी ठेवायची, जमिनीकडच्या भागाला अजिबात नाही. खाचांत पाण्यासारखा पातळ काळा सोडायचा. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशनं फिका राखाडी नुसता उंचवट्यांवरून फिरवायचा. सगळ्यात शेवटी धूळ. ही कामं एकेका चाकाला. पुढची दोन, मागची जोडीजोडीनं चार आणि स्टेपनी. मागच्या जोडीतलं आतलं चाक बस उलटी केल्याशिवाय कुणाला दिसत नाही, हे मी निदर्शनास आणलं. “मला माहीत असतं ना,” शेजारी म्हणाले. क्वालिटी कंट्रोलपुढे आपण काय बोलणार?

एकदा संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये त्यांनी रंगवलेला टायर खिशातून काढून आमच्या ग्रुपला दाखवला. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून या डब्यात एमआयडीसीची जेवढी तांत्रिक अक्कल एका वेळी गोळा होते, तेवढी कुठल्या सेमिनारलाही होत नसेल. टायर हातोहात फिरला. डायवाले म्हणाले, “शेड ठीक आहे, पण स्टँडर्ड कुठाय? कशाशी मॅच करायचं?” औषध कंपनीवाल्यांनी बॅच नंबर विचारला आणि तो नाही म्हटल्यावर टायर हातात घ्यायलाच नकार दिला. कापड गिरणीवाल्यांनी खिशातला रुमाल बाटलीतल्या पाण्यात भिजवला, टायरवर खसाखसा घासला आणि रुमालावरचा डाग सगळ्यांना दाखवून निकाल दिला, “वेट रबिंगला फेल!” पॉलिमरवाले गंभीर झाले. टायर कडक प्लॅस्टिकचा आहे म्हणून वाचलात, म्हणाले. परदेशी खोक्यांतले मऊ टायर बहुधा पीव्हीसीचे. ते मऊ राहावेत म्हणून घातलेला प्लॅस्टिसायझर हळूहळू बाहेर झिरपतो आणि चाकाची रिम पॉलिस्टायरिनची असेल तर तीच खातो. त्यावर ऑइल पेंट मारला तर महिनोन्महिने वाळत नाही, चिकटच राहतो. हे ऐकून शेजारच्या बाकावरच्या एका अनोळखी बाईंनी “आमच्या टीव्हीच्या रिमोटचं तसंच झालंय” असं सांगितलं आणि चर्चा केळवे रोडपर्यंत रिमोटवरच राहिली.

खिडकीशी अणुवीज केंद्रातले गृहस्थ बसले होते. १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला सुरू झालं, तेव्हापासून या मंडळींच्या बोलण्याला एक वजन आहे. त्यांनी टायर उजेडात धरला, उलटसुलट पाहिला आणि शांतपणे विचारलं, “चेकलिस्ट केलीय?” नव्हती केली. त्यांनी टायर परत दिला आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.

शेजारी खचले नाहीत. उलट त्यांनी पुढची पायरी गाठली. भरलेल्या बसचा टायर जमिनीला टेकतो तिथे जरा दबतो, बगलेला फुगतो. प्लॅस्टिकचा टायर खालीसुद्धा गोलच राहतो आणि म्हणून बस जमिनीवर उभी न वाटता टांगल्यासारखी वाटते. तेव्हा त्यांनी सहाच्या सहा टायर तळाशी कानसून सपाट केले. बस आता खरोखरच प्रवाशांनी भरल्यासारखी बसली. पण तिसऱ्या मजल्यावरचं पोर खेळायला आलं, त्यानं ती ढकलली आणि जाहीर केलं, “काका, तुमची गाडी चालतच नाही!” चाक अगदी चाकासारखं व्हावं म्हणून शेवटी त्याचं फिरणंच बंद केलं होतं. मला आमच्याच जिल्ह्यातले जिव्या सोमा मशे आठवले. डहाणू तालुक्यातल्या या वारली चित्रकाराला २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या परंपरेत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं एक वर्तुळ काढलं की चाक झालं. ते गरागरा फिरतंसुद्धा, आणि त्यात रबर कुठाय असं आजवर कुणी विचारलेलं नाही. हा दाखला मी शेजाऱ्यांना दिला. ते म्हणाले, “त्यांना हप्तेवाला समजून कुणी हात जोडले नसतील.”

बस पुरी झाली आणि गॅलरीलगतच्या कपाटावर विराजमान झाली. मग नवीनच संकट. बोईसरमध्ये धूळ विकत आणावी लागत नाही, ती घरपोच येते. डंपरांची वर्दळ अशी, की सकाळी पुसलेल्या टीव्हीवर दुपारी बोटानं नाव लिहावं. ही धूळ टायरांवरही बसू लागली. ती अर्थातच मापात नव्हती. त्यामुळे शेजारी रोज सकाळी मऊ ब्रशनं टायरवरची खरी धूळ झाडतात आणि त्याबरोबर उडालेली वस्त्रगाळ धूळ पुन्हा लावतात. वहिनींनी हे काही दिवस पाहिलं आणि मग हॉलमधला सोफा, शोकेस आणि पंखाही त्यांच्याकडे सोपवला. “धूळ झाडण्यात तुमचा हात चांगला बसलाय,” त्या म्हणाल्या. “फक्त इथे परत लावू नका.”

खरी परीक्षा दसऱ्याला झाली. शेजाऱ्यांनी बसची यथासांग पूजा मांडली होती. झेंडूच्या सुट्या पाकळीची झालर पुढच्या काचेला. गाडीच्या टायरखाली लिंबू ठेवतात, तर साडेचार सेंटिमीटरच्या लिंबाला चोवीसनं भागून येतात जेमतेम दोन मिलिमीटर. पिवळ्या मोहरीचा दाणा चपखल बसतो. पुढच्या दोन चाकांखाली दोन मोहऱ्या ठेवल्या होत्या. पुढची चाकं सगळ्यांना दिसतात, म्हणून सगळ्यात जास्त कारागिरी तिथेच ओतली होती. नक्षी झिजवून जवळजवळ गोटा केलेली, बगलेला ओझोनचे तडे, वर नागझरी आणि चिल्हार दोन्ही.

इतक्यात सोनं द्यायला शेजाऱ्यांचे एक गाववाले आले. बोईसर डेपोत ड्रायव्हर. अर्धं आयुष्य स्टिअरिंगवर गेलेलं. त्यांनी आपट्याची पानं दिली, बससमोर उभे राहिले आणि मग चक्क उकिडवे बसले. शेजाऱ्यांनी श्वास रोखला. ड्रायव्हरसाहेबांनी बराच वेळ पुढची चाकं पाहिली, मागची पाहिली, पुन्हा पुढची पाहिली.

“ही गाडी मी रूटवर नेणार नाही,” ते म्हणाले.

शेजाऱ्यांचा चेहरा उजळला. खऱ्या ड्रायव्हरनं खोट्या टायरला खरं मानून गाडी नाकारली, याहून मोठं प्रशस्तिपत्रक कुठलं? पण ड्रायव्हरसाहेबांचं बोलणं संपलं नव्हतं. “पुढं गोटा टायर कुणी चढवला, भाऊ? पुढं कायम नवा टायर लागतो. झिजला की तो पुनःस्तरणाला जातो, आपल्या एसटीचेच कारखाने आहेत त्याचे, आणि तिथून नवीन नक्षी चढवून आला की मागं बसतो. मागं चार असतात, एक बसला तर तीन सांभाळून घेतात. पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. तुम्ही उलटं केलंय. पुढं असे टायर बघून कुठला ड्रायव्हर गाडी काढेल?”

खोलीत शांतता पसरली. मी हळूच विचारलं, “मग पुढचे टायर कसे पाहिजेत?”

“एकदम कोरे. काळेभोर, चकचकीत.”

म्हणजे जत्रेतून आणले तेव्हा होते तसे! मला हसू आवरेना. शेजाऱ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिनं कारखान्यात पिंपंच्या पिंपं नापास होत असावीत. पण ड्रायव्हरसाहेब दयाळू होते. जाताजाता म्हणाले, “अगदी तसेच नका ठेवू हां. कोऱ्या टायरला साच्यातून निघालेले रबराचे केस असतात बारीक बारीक. रस्त्यावर टेकतो तिथले झिजून जातात, बगलेचे बरेच दिवस राहतात.”

शेजाऱ्यांच्या डोळ्यांत पुन्हा तेज आलं. त्याच रात्री हिशेब झाला. रबराचा तो केस साधारण मिलिमीटरभर जाड. त्याचा चोविसावा भाग म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही बारीक. डोक्यावरचा उपटून पाहिला, जाड पडला. शिवाय त्यांच्या डोक्यावर उपटण्याजोगे फारसे शिल्लकही नाहीत. नवापूर रोडवरच्या सलूनमध्ये ते खाली पडलेले केस निवडताना दिसले. न्हाव्यानं विचारलं, “विग करायचाय का, काका?” “नाही, टायरला लावायचेत.” त्यानंतर तो त्यांच्या दाढीला वस्तरा लावत नाही, लांबूनच मशीन फिरवतो.

अखेर उत्तर सापडलं: जावळ! तान्ह्या बाळाचा केस मापात बसतो. तिसऱ्या मजल्यावर, त्या गाडी ढकलणाऱ्या पोराला धाकटी बहीण झाली आहे आणि तिचं जावळ काढायचं ठरलंय. शेजारी मला घेऊन रीतसर मागणी घालायला गेले. बाळाच्या आजींनी सगळं ऐकून घेतलं. “अहो, जावळ देवाला वाहतात,” त्या म्हणाल्या. “एसटीच्या चाकाला कसं वाहायचं?” मग जरा विचार करून त्यांनी विचारलं, “गाडी कुठली आहे?”

बसच्या पाटीवर अजून गावाचं नावच लिहिलेलं नव्हतं. क्वालिटी कंट्रोलमधल्या माणसाला खोटं बोलायची सवय नसते, पण प्रसंग बाका होता.

“पंढरपूर,” शेजारी म्हणाले.

“मग न्या,” आजी म्हणाल्या. “आणि पुढची सीट माझी.”